दमलेला आणि कोमट: एलीयाला लावदिकीयाचं औषध देऊ नका

एखादा माणूस सलग तीन आठवडे प्रार्थनासभेला दिसला नाही की आमच्या चर्चमध्ये निदान ठरलेलं असतं: "कोमट झालाय." मग त्याच्यासाठी उपवास-प्रार्थना, मग घरभेट, मग त्याच्यासमोर बायबलमधल्या प्रकटीकरणाचा तिसरा अध्याय, जिथे लावदिकीया शहरातल्या मंडळीला (चर्चला) 'तू ना थंड ना गरम, कोमट आहेस' असं सुनावलंय. हे निदान इतक्यांदा चुकलेलं पाहिलंय (एकदा तर रोगी मीच होतो) की आता कोमट आणि दमलेला, दोघांना शेजारी बसवून बघूच.

कोमट माणूस तुम्हाला पाठ आहे, त्याच्यावर वेळ घालवत नाही. लावदिकीयाची मंडळी: "मी श्रीमंत आहे, मला कशाची उणीव नाही." शहरही तसंच. इ.स. ६० च्या भूकंपात पडलं आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशावर उभं राहिलं. एक तक्रार मात्र नोंदवतो. कोमट म्हणजे उत्साह कमी, असं जे शिकवलं जातं ते मला पटत नाही. तिथे 'थंड असतास तरी बरं होतं' असंही म्हटलंय की! खरी खूण सतराव्या वचनात आहे: आपल्याला काही हवंय, हेच त्या मंडळीला वाटत नाही.

दमलेला माणूस बघायचा तर बायबलमधल्या '१ राजे' या पुस्तकाचा १९ वा अध्याय. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला, पाऊस आल्यावर अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या एका धमकीच्या निरोपाने पळ काढतो. बैर-शेबाला चाकराला सोडतो, रानात दिवसभर चालतो, रतामाच्या झाडाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. पुढे काय होतं? देवदूत त्याला हात लावून उठवतो आणि खायला सांगतो. निखाऱ्यांवरची भाकर, पाणी. तो खातो, पुन्हा झोपतो. पुन्हा उठवणं, पुन्हा जेवण, आणि कारण एकच: वाट लांबची आहे, तुला झेपायची नाही. एक शब्द रागाचा नाही. 'तू इथे काय करतोस?' हा देवाचा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनी, होरेब डोंगराच्या गुहेत. आमचे बहुतेक वक्ते या अध्यायात थेट तिथल्या देवाच्या शांत, मंद वाणीवर उडी मारतात. दोन झोपा आणि दोन जेवणं वगळून! एलीया गुहेपर्यंत पोचला तो त्या जेवणांच्याच बळावर, असं तिथेच लिहिलंय.

आता खरी गोची. बाहेरून दोघं एकसारखेच दिसतात, आणि का दिसतात ते बघा. आयसीडी-११ हे जागतिक आरोग्य संघटनेचं रोगांचं वर्गीकरण २०१९ साली मंजूर झालं. त्यात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या दीर्घ, नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. तिची तीन अंगं: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवट होणं, आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं. पहिलं आणि तिसरं कुणालाही कळतं. फसवतं ते मधलं. बँकेतला माणूस कामाला विटला तर तो बँकेला विटतो, देवाला नव्हे. पण संडे स्कूल, क्वायर, तरुण संघ आणि पंच कमिटी अशा चारही जबाबदाऱ्या ओढणाऱ्याचं काम म्हणजेच देवाचं घर. तो कामाला विटला की देवालाच विटल्यासारखा दिसतो. इतरांना दिसतो, आणि वाईट म्हणजे स्वतःलाही तसंच वाटायला लागतं. माझं तेच झालं. गीत सुरू झालं की मनात यायचं, आता पेटी कोण आवरणार? मला वाटलं, विश्वासच गेला. एका वडीलधाऱ्यांनी तीन दिवसांचा उपवास सांगितला. आधीच जेवणाची शुद्ध नसलेल्या माणसाला!

मी एकच प्रश्न विचारतो: देवाशी भांडण चालू आहे का? 'पुरे झालं, प्रभू, आता माझा जीव घे' हे एलीयाचं बोलणं प्रार्थनाच आहे, कडू असली तरी. दमलेल्याकडे तक्रार असते, रडू असतं, पूर्वी जे वाटायचं ते वाटत नाही याचं दुःख असतं. कोमट माणसाकडे ते दुःखच नसतं. त्याचं सगळं छान चाललेलं असतं. ज्याला 'मी कोमट झालो की काय' या विचाराने झोप लागत नाही, तो बहुधा कोमट नाही.

आळस, सुट्टीची हौस, पाळकांशी रुसवा हे वेगळे प्रकार, सहज ओळखू येतात. एक मात्र सहज घेऊ नका. कुणी खरोखर मरणाची भाषा करत असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. प्रार्थना सोबत चालू दे, डॉक्टरांऐवजी नको.

मग नवी शक्ती येते कुठून? 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो' हे येशूचं वचन भिंतीवर टांगून येत नाही. ते पुढे वाचा, तिथे जू आहे. जू दोन बैलांचं असतं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. होरेबावरून एलीयाला परत पाठवलं जातं, पण एकट्याला नाही. बआलापुढे न वाकलेले सात हजार अजून शिल्लक आहेत हे त्याला कळतं, आणि त्याच्या जागी घ्यायला अलीशा मिळतो, बारा जोड्यांनी नांगरत असलेला. मलाही उपवासाने नाही, क्वायरच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात दिल्याने सुटल्यासारखं झालं. सहा महिने मागच्या बाकावर बसलो. मोठी प्रार्थना जमेना, तेव्हा रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचायचो, बस. कधीतरी ऑगस्टमध्ये गीत चालू असताना लक्षात आलं की पेटी आज कोण वाजवतंय, हे मी बघितलंच नव्हतं.