मूळपाप आणि पापप्रवृत्ती: मध्ययुगीन कॅथलिक विचारातील एक सीमारेषा

‘ख्रिस्ती धर्मानुसार मनुष्य जन्मतःच पापी असतो’ हे वाक्य मराठीत पुष्कळदा वाचायला मिळते, आणि ते ज्या अर्थाने लिहिले जाते त्यात बहुधा दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. त्यांपैकी एक मूळपाप, म्हणजे आदामाच्या अवज्ञेमुळे त्याच्या वंशजांच्या वाट्याला जन्माबरोबर येणारी दोषाची अवस्था. दुसरी पापप्रवृत्ती, म्हणजे विवेकाचा कौल लागण्याआधीच, आणि अनेकदा त्या कौलाविरुद्ध, माणसाला इष्टविषयांकडे खेचणारा अंगभूत ओढा. मध्ययुगीन लॅटिन ग्रंथकार या ओढ्याला कॉन्क्युपिसेन्शिया किंवा फोमेस म्हणत. या दोहोंतील फरक कसाला लावायचा तर बाप्तिस्म्याचा प्रश्न विचारावा. मूळपाप बाप्तिस्म्याने समूळ जाते, असे चर्चची शिकवण सांगते. ओढा मात्र बाप्तिस्म्यानंतरही मरेपर्यंत राहतो, हे कोणत्याही ख्रिस्ती माणसाला स्वतःकडे पाहून कळत असे. एक गेल्यावर दुसरी उरत असेल, तर त्या दोन गोष्टी एकच असू शकत नाहीत. हा निष्कर्ष आज सरळ वाटतो, परंतु तो नेमक्या भाषेत मांडण्यासाठी कित्येक शतके खर्ची पडली.

गुंतागुंतीचा उगम ऑगस्टीन (३५४–४३०) याच्या लेखनात आहे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील या बिशपने आदामाचा दोष वंशजांत येतो हे नाकारणारा पेलेजियस आणि पुढे त्याचा पक्ष घेणारा एक्लानमचा ज्युलियन यांच्याशी वाद घालताना पापप्रवृत्तीला मध्यवर्ती स्थान दिले. आपल्या अवयवांत एक निराळाच नियम मनाच्या नियमाशी झगडत आहे, असे प्रेषित पौलाने बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात म्हटले आहे. हा नियम आदामाच्या पतनाची शिक्षा आहे आणि दोष पिढ्यान्‌पिढ्या संक्रमित होण्याचा मार्गही तोच आहे, असे ऑगस्टीनने प्रतिपादन केले. मग बाप्तिस्मा घेतलेल्यांत तो कसा उरतो? त्याचे उत्तर असे की प्रवृत्तीमुळे लागणारे अपराधीपण नाहीसे होते, प्रवृत्तीची हालचाल मात्र चालू राहते. बाप्तिस्मा झालेल्या आईबापांचे मूल दोषासह का जन्मते, याचे स्पष्टीकरण देताना त्याने धान्याचा दाखला दिला: कोंडा काढून स्वच्छ केलेला दाणा पेरला तरी त्यापासून येणारे पीक पुन्हा कोंड्यासकटच येते. दाखला चपखल आहे, पण त्यातून मूळ अडचण सुटत नाही. अपराधीपण आणि प्रवृत्ती ही एकाच वस्तूची दोन अंगे आहेत की दोन स्वतंत्र वस्तू आहेत, हे ऑगस्टीनने पुरते मोकळे करून सांगितले नाही, आणि त्याच्या अधिकारामुळे पुढील लेखकांना ही संदिग्धता वारशाने मिळाली.

बाराव्या शतकात ती उघडी पडली. पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या पीटर लोम्बार्डने ११५० च्या दशकात सिद्ध केलेला ‘वचनसंग्रह’ पुढे विद्यापीठांतील धर्मशास्त्राचे पाठ्यपुस्तक ठरला. त्याच्या दुसऱ्या खंडात मूळपाप म्हणजेच फोमेस, म्हणजेच पापप्रवृत्ती, असे समीकरण आहे. निसर्गाला जडलेला आजार, अवयवांचा नियम, आपल्यात बसलेला जुलमी राजा अशी तिची नावेही त्याने जमा करून दिली आहेत. याच्या अर्धशतक आधी कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म (१०३३–११०९) अगदी वेगळ्या दिशेने गेला होता. त्याच्या मते मूळपाप म्हणजे इच्छाशक्तीत असायलाच हवी होती अशा नीतिमत्तेचा अभाव. भूक, वासना किंवा क्रोध यांच्या लहरी स्वतः पाप नव्हेत. त्या जाणवल्याने कोणी अनीतिमान होत नाही, इच्छाशक्ती त्यांच्यामागे गेली तरच होतो. लोम्बार्डचे मूळपाप माणसाच्या आत ‘असलेले’ काहीतरी आहे, तर अँसेल्मचे ‘नसलेले’ काहीतरी आहे. माझ्या मते या सगळ्या चर्चेतील खरी फारकत येथे झाली, जरी विद्यापीठांनी बराच काळ लोम्बार्डचेच पुस्तक हाती धरले.

तेराव्या शतकातील पंडितांनी या दोन मतांचा मेळ घातला. त्याचे सर्वांत सुबक रूप थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) याच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’त मिळते. ॲरिस्टॉटलकडून आलेली आकार आणि द्रव्य ही जोडी वापरून तो म्हणतो की मूळपापाचे आकारतत्त्व म्हणजे आदिनीतिमत्तेचा, म्हणजे पतनापूर्वी आदामाला लाभलेल्या सुव्यवस्थित अवस्थेचा, अभाव, आणि द्रव्य म्हणजे पापप्रवृत्ती. आदिनीतिमत्तेत बुद्धी देवाच्या अधीन, भावना आणि इंद्रियांच्या वासना बुद्धीच्या अधीन, आणि शरीर आत्म्याच्या अधीन होते. हा सारा क्रम वरच्या टोकाच्या एका गाठीवर टिकून होता. ती गाठ सुटताच खालच्या शक्ती आपापल्या विषयांकडे धावू लागल्या. या मांडणीचा फायदा असा की बाप्तिस्म्यात काय घडते ते तिच्यात नेमके सांगता येते. कृपेने आत्मा पुन्हा देवाशी जोडला जातो, म्हणजे ज्यामुळे ते पाप ठरत होते ते आकारतत्त्वच नाहीसे होते. सैरभैर झालेल्या खालच्या शक्ती तेवढ्या उरतात, परंतु त्यांना आता पाप हे नाव लागू पडत नाही.

येथे मराठी वाचकाच्या मनात पूर्वकर्माची कल्पना येणे स्वाभाविक आहे, पण ती येथे उपयोगी पडत नाही. पूर्वजन्मीचे कर्म ज्याचे त्याचे असते. मूळपाप मात्र दुसऱ्याच्या कृतीतून येते, आणि म्हणूनच मध्ययुगीन विचारवंतांना ते समर्थनीय करून दाखवणे अवघड गेले. स्वतःच्या इच्छेवाचून अपराध कसा? यावर अक्वायनसने खुन्याच्या हाताचा युक्तिवाद केला आहे. हात स्वतंत्रपणे पाहिला तर खुनाचा दोष त्याला लावता येत नाही. तो त्या माणसाचा अवयव आहे आणि त्याच्या इच्छेने हलला, म्हणून तो दोषाचा भागीदार ठरतो. त्याचप्रमाणे सर्व माणसे आदामापासून मिळालेल्या एकाच मानवी स्वभावाचे अवयव आहेत. असा वारशाने येणारा अपराध सर्वांनाच मान्य नव्हता. अक्वायनसच्या शतकभर आधीच पीटर आबेलार्डने (१०७९–११४२) पाप केवळ संमतीत असते असे ठरवून आदामाकडून आपल्याला शिक्षा मिळते, अपराध नव्हे, असे म्हटले होते आणि सांस येथील धर्मसभेत ते मत निषिद्ध ठरले. तेव्हापासून अपराधीपणाचा भाग मूळपापात राखणे हे प्रत्येक सनातनी लेखकाला भाग होते. पापप्रवृत्तीबाबत तसे बंधन नव्हते.

या फरकाचे परिणाम नवजात बालकाच्या बाबतीत स्पष्ट दिसतात. बाप्तिस्म्याविना मेलेल्या अर्भकात मूळपाप असते, पण त्याने स्वतः काही केलेले नसते. पोप तिसरा इनोसंट याने १२०१ साली आर्लच्या आर्चबिशपला लिहिलेल्या पत्रात मूळपापाची शिक्षा म्हणजे ईश्वरदर्शनास मुकणे, आणि स्वतः केलेल्या पापाची शिक्षा म्हणजे नरकाची यातना, असा भेद केला. पापप्रवृत्तीचा या हिशेबात उल्लेखच नाही, कारण तिच्यावर शिक्षा नेमण्याचे कारण नव्हते.

प्रौढ माणसाचा प्रश्न याहून नाजूक होता. १२१५ च्या चौथ्या लॅटरन महासभेने प्रत्येक श्रद्धावंताला वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे पापनिवेदन करणे सक्तीचे केले. तेथे मूळपाप सांगायचे नव्हते, कारण ते बाप्तिस्म्यातच धुतले गेले होते. आणि ओढा सांगायचा नव्हता, कारण तो पाप नव्हता. पण ओढा आणि कृती यांच्या मधल्या जागेत काय धरायचे? मनात अकस्मात उसळणाऱ्या लहरीला पंडितांनी ‘प्रथम स्पंदने’ म्हटले, आणि ती पाप आहेत की नाहीत यावर बारकाईने वाद घातले. अक्वायनसचे उत्तर सावध आहे. प्रवृत्ती स्वतः पाप नाही; परंतु तिच्यातून उठलेली विशिष्ट लहर बुद्धीला वेळीच आवरता आली असती तर ती क्षम्य, म्हणजे हलके, पाप ठरते, आणि बुद्धीने तिला जाणीवपूर्वक संमती दिली तरच प्राणघातक, म्हणजे आत्म्याला देवापासून तोडणाऱ्या, पापाचा प्रश्न उद्भवतो. मग माणसाने या लहरी टाळाव्यात तरी कशा? तो म्हणतो की प्रत्येक लहर सुटी घेतली तर माणूस ती टाळू शकतो, परंतु सगळ्याच टाळू शकत नाही; एका विषयावरून मन काढून दुसरीकडे नेले तर तेथेही दुसरी लहर उठू शकते. माणसाच्या मनाचा इतका प्रामाणिक हिशेब त्या काळच्या पाठ्यग्रंथांत सापडतो, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

पापप्रवृत्ती म्हणजे केवळ कामवासना, हा आणखी एक प्रचलित गैरसमज. ऑगस्टीनच्या लेखनात लैंगिक वासनेवर जो भर आहे त्यामुळे तो पसरला. विद्यापीठीय ग्रंथकारांच्या लेखी मात्र इंद्रियसुखाच्या कोणत्याही अनावर ओढीचा तिच्यात समावेश होतो. पतनाने मानवी स्वभावाला झालेल्या चार जखमा मोजताना अक्वायनस बुद्धीचे अज्ञान, इच्छाशक्तीचा कुटिलपणा, संकटापुढची दुर्बलता आणि मग वासना, अशी त्यांची मांडणी करतो.

क्रमाचा मुद्दाही लक्षात घेण्याजोगा आहे. आदामाच्या बाबतीत पाप आधी आणि प्रवृत्ती नंतर. त्याच्या पहिल्या पापामागे शरीराची वासना असूच शकत नव्हती, कारण तेव्हा शरीर पूर्णपणे बुद्धीच्या आज्ञेत होते. म्हणून पहिले पाप अभिमानाचे, असे अक्वायनस म्हणतो. आपल्या बाबतीत क्रम उलटा होतो, प्रवृत्ती आधी असते आणि तिला वश होऊन आपण पाप करतो. प्रथम एका व्यक्तीने स्वभाव दूषित केला आणि मग स्वभाव व्यक्तीला दूषित करू लागला. ख्रिस्त ही दुरुस्ती करताना व्यक्तीपासून सुरुवात करतो आणि स्वभावाची दुरुस्ती पुनरुत्थानापर्यंत राखून ठेवतो. बाप्तिस्मा झालेला माणूस तरीही भुकेला होतो, आजारी पडतो, मरतो आणि मोहात सापडतो, याचे कारण हे आहे.

दोन्ही गोष्टी खरोखर सुट्या आहेत याची कसोटी कुमारी मरियेच्या प्रश्नावर लागली. अक्वायनसच्या मते तिला मूळपापापासून मुक्ती मिळाली ती आईच्या उदरातच, पण गर्भधारणेनंतर. त्या वेळी पापप्रवृत्ती नष्ट न होता केवळ बांधली गेली, आणि येशूच्या गर्भधारणेच्या क्षणी ती पूर्णपणे दूर झाली. म्हणजे एक मुक्ती आणि दुसरी मुक्ती यांच्यात त्याने अनेक वर्षांचे अंतर ठेवले. ड्यून्स स्कोटसने (मृत्यू १३०८) मरियेला मूळपापाचा स्पर्शच झाला नाही अशी शक्यता मांडली, आणि ती भूमिका पुढे १८५४ साली पोप नववा पायस याने धर्मसिद्धांत म्हणून घोषित केली. पणजीच्या चर्चमध्ये दर ८ डिसेंबरला जिचा सण साजरा होतो ती अमलोद्भव माता हीच. त्या सणाला येणाऱ्यांपैकी पुष्कळांना तो येशूच्या कुमारीगर्भाचा सण वाटतो. प्रत्यक्षात तो मरियेच्या स्वतःच्या गर्भसंभवाचा आहे, आणि त्याचा विषय मूळपाप हाच आहे.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने हीच रेषा पुसण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्म्यानंतर बालकात पाप उरते हे नाकारणे म्हणजे पौलाला आणि ख्रिस्ताला पायदळी तुडवणे होय, हे त्याचे विधान पोप दहावा लिओ याने १५२० साली निषिद्ध ठरवलेल्या ४१ विधानांत आहे. ल्यूथरचा आधार शास्त्रवचनाचाच होता, कारण पौल त्या ओढ्याला उघडपणे पाप म्हणतो. ट्रेंटच्या महासभेला १७ जून १५४६ रोजी आपल्या पाचव्या सत्रात याचे उत्तर द्यावे लागले. बाप्तिस्मा झालेल्यांत पापप्रवृत्ती उरते हे तिने मान्य केले. ती झगड्यासाठी ठेवलेली आहे आणि जे तिला संमती न देता ख्रिस्ताच्या कृपेने तिला खंबीरपणे तोंड देतात त्यांचे ती काही बिघडवू शकत नाही, असे तिने सांगितले. पौल तिला पाप म्हणतो त्याचा अर्थ, नव्याने जन्मलेल्यांत ती खरोखर पाप आहे असा चर्चने कधीच घेतलेला नाही. ती पापातून आली आहे आणि पापाकडे झुकवते एवढ्यापुरताच तो शब्द तिला लागतो, असा निर्णय महासभेने नोंदवला आणि याच्या विरुद्ध मत धरणाऱ्याला बहिष्कृत ठरवले.