उन्हाळ्यात घर बघायला जाताय? दोन बादल्या पाणी लागंल

मागच्या एप्रिलात मामांनी लातूरला एक रो-हाऊस बघितलं, बारा-तेरा वर्षं जुनं, आणि मला फोन केला की तू सिव्हिलवाला हैस तर टोकन द्यायच्या आधी एक चक्कर मारून जा. गेलो. दुपारचे चार वाजलेले, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि मामा हॉलच्या भिंतीवर थापट्या मारत म्हणाले, "बघ की, कशी ठणठणीत कोरडी भिंत हाय, अजून काय बघायलास?" मी म्हटलं, मामा, एप्रिलात इथल्या विहिरीपण ठणठणीत कोरड्या असतात, भिंतीचं काय घेऊन बसलात.

पहिलं काम काय केलं तर वरच्या बाथरूमच्या जाळीत कापडाचा बोळा कोंबला, दोन बादल्या पाणी फरशीवर तुंबवलं आणि चोवीस तास कुणी हात लावू नका म्हणून सांगितलं. घरमालकाचं तोंड बघण्यासारखं झालं, कारण त्या कॉलनीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी. पण आपल्याकडं घर तपासायचं म्हणजे पाण्याचाच माग काढायचा असतो. लोकांना वाटतं ओल वगैरे कोकणातल्या नाहीतर मुंबईतल्या घरांची भानगड, आपण कोरड्या मुलखातले. तिकडं पाणी कायमचंच असतं म्हणून बांधणारा पण सावध असतो. इकडं सात-आठ महिने सगळं करपलेलं आणि मग एकदम धो धो, आणि ह्या भिजण्या-सुकण्याच्या ओढाताणीतच घराचं वाटोळं होतं.

आता काळी माती घ्या. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा आपला दख्खनचा बेसाल्ट, तो झिजून झिजून ही माती झाली, कापसाला सोनं आणि पायाला वैरी. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याचा कण म्हणजे कागदाच्या गठ्ठ्यासारखे एकावर एक पापुद्रे, पावसाळ्यात पाणी ह्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि गठ्ठा फुगतो, उन्हाळ्यात पाणी उडून गेलं की परत आक्रसतो. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आपण लहानपणापासून बघतो, पण घराखालची माती पण तीच आहे हे घर बांधताना कुणाच्या ध्यानात राहत नाही. फरक एवढाच की घराच्या मधोमध, फरशीखाली ओलावा टिकून राहतो आणि कडेची माती सुकते, म्हणजे मधला भाग जागेवर आणि कोपरे खाली. मग भिंतीला तिरकी चीर पडते, बहुतेक वेळा खिडकीच्या कोपऱ्यातून निघते आणि वर रुंद, खाली निमुळती असते.

मामांच्या घरात मागच्या बेडरूममधे हीच चीर. वरून ताजी पुट्टी मारलेली, पण पुट्टीतूनही ती डोकावत होती आणि खिडकीच्या कोपऱ्यात तर एटीएम कार्डाची कड आत गेली. कार्डाची जाडी ०.७६ मिलीमीटर असते, जगात कुठल्याही बँकेचं घ्या, त्यामुळे खिशातलं हे सगळ्यात स्वस्त माप आहे. केसासारख्या बारीक चिरा बऱ्याचदा नुसत्या गिलाव्याच्या असतात, त्याचं एवढं टेन्शन घ्यायचं नाही, पण कार्ड जायला लागलं की कारण शोधायचं. मी चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडव्या खुणा केल्या, बाजूला तारीख टाकली. चीर दिसली म्हणून घाबरायचं काही नाही, ती हलतीय का ते कळायला पाहिजे.

कारण बाहेर सापडलं. भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर जमिनीतला हौद, आणि कोपऱ्याच्या पलीकडच्या बाजूला रसरशीत कडुनिंब. आपल्याकडं पाण्याचा भरवसा नसल्यामुळे प्रत्येकाच्या दारात हौद असतो, आणि हौद झिरपत असला तर तेवढ्याच बाजूची माती फुगते, बाकी घर कोरड्या मातीवर. झाड आपल्या मुळांनी दुसऱ्या बाजूचं पाणी ओढतं. म्हणजे घर एकाच वेळी उचललं पण जातंय आणि बसतंय पण. ह्याच्यावरचा उपाय खरं तर बांधतानाच करायचा असतो, काळी माती काढून खाली मुरमापर्यंत जायचं, आणि मुरूम फारच खोल असला तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली कांद्यासारखा गड्डा असलेला खांब, जो मातीची हालचाल जिथं संपते तिथं, साधारण साडेतीन मीटर खाली, घट्ट बसतो. ही पद्धत आपल्याकडं रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं, सीबीआरआयनं, पुढं आणली. बांधून झालेल्या घराला निदान चौफेर उतार देऊन कोबा करायचा म्हणजे भिंतीलगतची माती ना एकदम भिजते ना एकदम सुकते.

मग गच्चीवर गेलो. पाय ठेववत नव्हता. काँक्रीट तापलं की पसरतं, दर अंशाला लांबीच्या साधारण एक लाखांश, वाचायला काहीच नाही वाटत, पण १० मीटर लांब स्लॅब आणि ३० अंशांचा फरक धरला तर ३ मिलीमीटर होतात, आणि हे रोज, दुपारी पुढं आणि रात्री मागं. खालची विटांची भिंत तेवढी पसरत नाही, म्हणून वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खाली सरळ आडवी चीर दिसते. ती बघून लोक घाबरतात आणि तिरकीकडं दुर्लक्ष करतात, माझ्या मते उलट पाहिजे. आडवी चीर बहुतेक उन्हाची असते, गच्चीला चुन्याचा नाहीतर पांढऱ्या रिफ्लेक्टिव्ह पेंटचा हात मारला की स्लॅब कमी तापतो आणि तिची हालचाल पण कमी होते.

मला जास्त काळजी वाटली ती टाक्यांची. हजार लिटरच्या चार, एका ओळीत, स्लॅबच्या अगदी मधोमध. हजार लिटर म्हणजे एक टन, आणि असली टाकी जेमतेम चौरस मीटरभर जागा खाते. वापरात असलेल्या गच्चीसाठी आपल्या मानकात चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास भार धरतात, तिथं हे महाशय हजार ठेवून बसलेत. नकाशात एकच टाकी असते, ती पण कॉलमच्या डोक्यावर, आणि मग दुष्काळाचं एकेक वर्ष आलं की एकेक टाकी वाढते. घरमालकाला काय बोलणार, माझ्या स्वतःच्या घरावर तीन आहेत. पण त्या बीम-कॉलमवर सरकवून घेतल्यात.

पाण्याच्या टंचाईचा अजून एक घोळ काँक्रीटच्या पोटात असतो. बऱ्याच लोकांना वाटतं सिमेंट सुकून कडक होतं, तसं नाही, ते पाण्याशी रिअॅक्शन होऊन कडक होतं, आणि पाणी संपलं की रिअॅक्शन थांबली. म्हणून आयएस ४५६ मधे, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, गरम कोरड्या हवेत क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, कमीत कमी १० दिवस सांगितलंय. आता मे महिना, लू सुटलेली, टँकरला पैसे मोजायचे, कोण दहा दिवस पाणी मारतंय? एप्रिल २०१६ मधे तर लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं, त्या उन्हाळ्यात कुठं स्लॅब पडला असेल तर त्याला काय मिळालं असेल विचार करा. असं काँक्रीट वरून भुसभुशीत राहतं, किल्लीनं खरवडलं तरी पावडर निघते. आणि जे पाणी मिळतं ते पण खोल बोअरचं, क्षारांचं. सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलीग्रॅमच्या वर नको असं तेच मानक सांगतं, पण टेस्ट कोण करतंय. क्लोराइडमुळं सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. बाकीचे क्षार भिंतीतून पाण्याबरोबर चढतात, पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि मागं पांढरा लोणा राहतो, त्याचे स्फटिक वाढताना गिलाव्याचे पोपडे सोडवतात. म्हणजे लोणा दिसला की समजायचं इथं पाणी येऊन गेलंय, आता कितीही कोरडं दिसू दे.

स्ट्रक्चरल ऑडिटवाले, म्हणजे बिल्डिंगची ताकद तपासणारे, येतात तेव्हा दोन-तीन यंत्रं काढतात. रिबाउंड हॅमर म्हणजे स्प्रिंगचा हातोडा, काँक्रीटवर आपटून किती उसळी घेतो त्यावरून कडकपणा. दुसरं अल्ट्रासॉनिक, आवाजाची लहर काँक्रीटमधून सेकंदाला पावणेचार किलोमीटरच्या वर गेली तर चांगलं, तीनच्या खाली गेली तर शंका. इथं पण पाणी मधे लुडबुड करतं बघा. काँक्रीट ओलं असलं तर हातोडा कमी आकडा देतो आणि अल्ट्रासॉनिक जास्त, कारण छिद्रात हवेऐवजी पाणी असलं की लहर पटकन पळते. जुन्या काँक्रीटची वरची कातडी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं कडक झालेली असते, तिथं हातोडा खोटं कौतुक करतो. नुसत्या हातोड्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडं-तिकडं होऊ शकतं, म्हणून कुणी फक्त त्याच्या भरवशावर बिल्डिंग पास करत असेल तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, कापून टेस्ट मागायची. महानगरपालिकेच्या हद्दीत ३० वर्षांवरच्या बिल्डिंगला कायद्यानंच स्ट्रक्चरल इंजिनिअरची तपासणी लागते, त्यामुळे हे प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

माझं आवडतं यंत्र मात्र थर्मल कॅमेरा, आणि आपल्या हवेत तो जास्तच कामाचा. माठाचं पाणी जसं गार होतं तसंच ओल असलेल्या भिंतीतलं पाणी उडताना तेवढा तुकडा गार पडतो, आणि हवा जितकी कोरडी तितकं हे जास्त, म्हणून डोळ्याला न दिसणारी ओल कॅमेऱ्यात निळा डाग होऊन येते. गच्ची मात्र सूर्य मावळल्यावर बघायची, तेव्हा उलट होतं, कोबा पटकन निवतो आणि त्याखाली अडकलेलं पाणी उष्णता धरून ठेवतं, ते डाग गरम दिसतात. दुसऱ्या दिवशी बाथरूमखालच्या छताला कॅमेरा लावला तर पाइपाभोवती परातीएवढा निळा डाग, हाताला काहीच लागत नव्हतं. घरमालक म्हणाला कॅमेरा बिघडलाय.

जुन्या माळवदाच्या, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत असलेल्या घराची तपासणी वेगळी, आणि तिथं थट्टा नाही. माळवद गळायला लागलं की वर अजून पांढरी माती टाकायची, ही आपली पद्धत, आणि पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला त्यात हे वजन लोकांच्या अंगावर आलं. दगडी भिंती जाडजूड, पण आतला आणि बाहेरचा दगड वेगवेगळा, मधे भर आणि माती, दोन्हीला बांधणारे आरपार दगड नाहीत, त्यामुळे भिंती उकलल्या. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमधे होता, २००२ मधे तो झोन ३ मधे आला. म्हणून अशा घरात वर मातीचा थर किती हे आधी मोजायचं आणि भिंत पोटाला फुगलीय का ते ओळंब्यानं बघायचं. लाकडाच्या तुळईला ठोकून ऐकायचं, बद्द आवाज आला तर आत वाळवी. वाळवीचा मातीचा बोगदा दिसला तर थोडा फोडून ठेवा, कोरड्या हवेत ती उघड्यावर टिकत नाही, त्यामुळे वस्ती जिवंत असली तर बहुतेक एक-दोन दिवसांत डागडुजी झालेली दिसते.

आणि अर्थिंग, हे तर घर घेताना कुणी विचारतच नाही. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सुकली की तिचा रोध वाढतो. समजा तो २० ओहम झाला आणि कूलरच्या पत्र्यात करंट उतरला, तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर जातील, आणि १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच, ढिम्म हलणार नाही, पत्रा तसाच जिवंत. कूलरचं पाणी ओसंडलेलं, पोरं अनवाणी. आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच, असला तर ०.०३ अँपिअर गळतीलाच पडतो, त्याचं टेस्टचं बटण घर बघताना दाबून बघाच, आणि उन्हाळाभर अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा, धुण्याचं चालतं.

दुकानं, गोडाऊन, शेड यांचं थोडक्यात सांगतो. पत्रा काँक्रीटपेक्षा जास्त तापतो, वीस मीटरच्या पत्र्याला ४० अंशांच्या फरकानं साडेनऊ मिलीमीटर हालचाल, त्यात स्क्रूची भोकं लांबट होतात, रबरी वॉशर उन्हानं तडकतात आणि पहिल्याच पावसात सरकी भिजते. क्लासेसच्या बिल्डिंगमधे मी भिंतीकडं नंतर बघतो, आधी जिना मोकळा आहे का आणि गच्चीच्या दाराला कुलूप आहे का ते. फायर सिस्टीमचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचं असतं, तो कागद मागायचा, आणि हायड्रंटचा, म्हणजे आग विझवायच्या नळाचा, वॉल्व्ह उघडायला सांगायचा, कारण उन्हाळ्यात ती टाकी भरलेली असेलच असं नाही, फायरचं पाणी कूलरला गेलेलं मी बघितलंय.

मामांनी टोकन दिलं नाही, पावसाळा होऊ दे म्हणाले. ऑगस्टात परत गेलो, कडुनिंब अजून हिरवागार, पुट्टीवर नवा रंग, आणि पेन्सिलीच्या खुणा नेमक्या घरमालकाच्या नजरेतून सुटलेल्या. एटीएम कार्ड लावलं, कड आत जाईना. घरमालक खूष, "बघा, बुजली की नाही चीर आपोआप?" मामांनी माझ्याकडं बघितलं, मी जुन्या खुणेखाली ऑगस्टची तारीख लिहिली आणि विचारलं, "मे महिन्यात परत एकदा येऊ का?"