ऑप्टोजेनेटिक्स आणि केमोजेनेटिक्स: मेंदू व प्रतिकारशक्तीच्या अभ्यासातली दोन साधने

मेंदूतल्या ठरावीक चेतापेशी उद्दीपित केल्या तर प्रतिकारशक्ती कशी बदलते, हे उंदरांमध्ये तपासण्यासाठी ही दोन तंत्रे वापरली जातात. दोन्हींत निवडक चेतापेशींमध्ये, बहुधा निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत, एक परके जनुक पोचवावे लागते आणि त्यामुळेच त्यांची गल्लत होते. खरा फरक आहे तो त्या पेशींना इशारा कशाने द्यायचा, यात.

ऑप्टोजेनेटिक्समध्ये इशारा प्रकाशाचा असतो. हिरव्या शैवालापासून मिळालेले चॅनलरोडॉप्सिन हे प्रथिन पेशीपटलावर बसते, निळा प्रकाश पडताच उघडते आणि काही मिलिसेकंदांत पेशी उद्दीपित होते. चेतापेशींत हे २००५ मध्ये करून दाखवण्यात आले. केमोजेनेटिक्समध्ये इशारा औषधाचा असतो. २००७ मध्ये मांडलेल्या 'ड्रेड' पद्धतीत मानवी ग्राहीमध्ये, म्हणजे रासायनिक संदेश पकडणाऱ्या प्रथिनामध्ये, असा बदल केलेला असतो, की तो शरीरातल्या ॲसिटिलकोलिन या संदेशवाहक रेणूला जवळजवळ दाद देत नाही, पण 'सीएनओ' या रेणूला देतो. एका इंजेक्शनचा परिणाम काही तास टिकतो.

प्रतिकारशक्तीच्या अभ्यासात हा कालावधीचा फरक निर्णायक ठरतो, कारण तिच्या बऱ्याच घडामोडी तासांच्या आणि दिवसांच्या हिशेबाने चालतात. मेंदू व प्रतिकारशक्तीच्या संशोधक आसिया रोल्स यांच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहावा. उंदरांच्या आतड्याला दाह झाला असताना इन्सुलर कॉर्टेक्स या मेंदूच्या भागातल्या ज्या चेतापेशी सक्रिय होत्या, नेमक्या त्याच 'ड्रेड'ने चिन्हांकित केल्या गेल्या. उंदीर बरे झाल्यावर त्या पेशी औषधाने पुन्हा जाग्या केल्या, तेव्हा आतड्याला नव्याने कोणतीही इजा केलेली नसतानाही दाहाची लक्षणे परतली. मेंदू दाहाची एक नोंद ठेवतो, याचा इतका थेट पुरावा मला दुसरीकडे क्वचितच दिसतो. याउलट, तीव्र ताणात न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी अस्थिमज्जेतून झपाट्याने बाहेर पडतात, तसा वेगवान प्रतिसाद पकडायचा असेल तर प्रकाशाचा काटेकोरपणा अधिक उपयोगी पडतो. २०२२ च्या अशा एका अभ्यासात मात्र दोन्ही तंत्रे एकत्र वापरली गेली, आणि माझ्या मते तोच भक्कम मार्ग आहे.

या क्षेत्रात आणखी एक धोका आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते: साधन स्वतःच प्रतिकारशक्तीला हात लावते. मेंदूत रोवलेला प्रकाशतंतू ऊतींना इजा करतो, त्याभोवती मायक्रोग्लिया या मेंदूतल्या प्रतिकारपेशी जमतात, शिवाय सततचा प्रकाश ऊती तापवतो. सीएनओची अडचण याहून आडवळणाची आहे, कारण शरीरात त्यातला काही भाग क्लोझापिनमध्ये बदलतो, आणि क्लोझापिन हे मनोविकारांवरचे औषध माणसांत क्वचित न्यूट्रोफिलची संख्या धोकादायकरीत्या घटवते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. इंजेक्शनसाठी उंदीर हातात धरला तरी त्याचे कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक वाढते, ते वेगळेच. म्हणून ड्रेड नसलेल्या उंदरांनाही तेवढेच सीएनओ, आणि चॅनलरोडॉप्सिन नसलेल्या उंदरांनाही तसाच तंतू व तेवढाच प्रकाश दिलेला आहे का, हे निष्कर्षाच्या आधी वाचावे.