कॅलिफोर्नियातली जुनी फेलनी मिसडिमिनर करून घ्यायची तर: कोण पात्र, कागद कोणते

बे एरियातल्या आपल्या मंडळींत हा विषय दबक्या आवाजातच निघतो. कधीकाळी मॉलमध्ये वस्तू उचलली, वकील म्हणाला म्हणून गुन्हा कबूल केला, प्रोबेशनही, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीचा काळही, पार पडला. मग नागरिकत्वाच्या फॉर्मवर अटकेचा प्रश्न आला की पेन तिथेच थांबतं.

फेलनी हा गंभीर वर्गातला गुन्हा, मिसडिमिनर त्याच्या खालचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन ४७ हा कायदा मतदानाने मंजूर केला. त्यामुळे ९५० डॉलरपर्यंतची चोरी, चोरीचा माल बाळगणं, बनावट किंवा न वटणारे चेक आणि स्वतःपुरते ड्रग्ज बाळगणं हे गुन्हे, काही अपवाद वगळता, मिसडिमिनर झाले. दंडसंहितेच्या कलम ११७०.१८ ने तीच सवलत जुन्या निकालांनाही दिली.

समजा, २०१० मध्ये कुणी चोरीच्या इराद्याने भरदिवसा उघड्या दुकानात शिरून ३०० डॉलरचं जाकीट उचललं. तेव्हा त्यावर दुकानफोडीची, म्हणजे बर्गलरीची फेलनी लागू शकत होती. आज तीच गोष्ट साधी शॉपलिफ्टिंग ठरते, म्हणून तो माणूस अर्ज करू शकतो. मात्र किंमत ९५० च्या आत होती हे त्यालाच दाखवावं लागतं. इथेच बरेच अर्ज अडतात. पोलीस रिपोर्टमध्ये बहुधा वस्तूंची यादी आणि टॅगवरची किंमत असते, तो कागद आधी मिळवा.

खून, गंभीर लैंगिक गुन्हे अशा ठरावीक यादीतला जुना गुन्हा नावावर असेल किंवा लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंदणी बंधनकारक असेल, तर ही सवलत नाही. फेडरल किंवा दुसऱ्या राज्यातल्या निकालालाही हे कलम लागत नाही.

अर्ज त्याच काउंटीच्या सुपिरियर कोर्टात करायचा, जिथे शिक्षा झाली. हल्ली राहता कुठे याचा संबंध नाही. शिक्षा पूर्ण झाली असेल तर काम बहुधा कागदांवरच होतं. सुनावणी हवी असल्यास ती मागावी लागते. शिक्षा अजून चालू असेल तर नव्याने शिक्षा ठरवण्याची विनंती करायची. तिथे मात्र समाजाला अवाजवी धोका आहे असं वाटल्यास न्यायाधीश नकार देऊ शकतात.

कागदांत आधी केस नंबर आणि निकालाची प्रत. नंबर आठवत नसेल तर लाइव्ह स्कॅनवर बोटांचे ठसे देऊन राज्याच्या न्याय विभागाकडून स्वतःची नोंद मागवता येते. कबुलीजबाबाचा फॉर्म, प्रोबेशन संपल्याचा आणि भरपाई भरल्याचा पुरावा जोडा. अर्जाची प्रत डिस्ट्रिक्ट अॅटर्नीला, म्हणजे काउंटीच्या सरकारी वकिलाला, पोहोचवून त्याची पोच ठेवा. या अर्जाचे फॉर्म काउंटीगणिक वेगळे असतात. पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे ऐपत नसलेल्या आरोपींना सरकारतर्फे मिळणाऱ्या वकिलाच्या, कार्यालयात विचारलेलं बरं.

मुदत आधी ३ वर्षांची होती, मग ती ४ नोव्हेंबर २०२२ पर्यंत वाढवली गेली, आणि सबळ कारण दाखवून त्यानंतर येण्याची वाटही तेव्हाच ठेवलेली होती. जुन्या पत्रकावरची तारीख वाचून परस्पर नाद सोडू नका.

गुन्हा ४७ मध्ये बसत नसेल तर कलम १७(ब) पाहा. जो गुन्हा फेलनी किंवा मिसडिमिनर, कसाही लावता येतो त्याला इथे ‘वॉबलर’ म्हणतात. अशा गुन्ह्यात प्रोबेशन मिळालं असेल तर न्यायाधीश तो खाली आणू शकतात. राज्य तुरुंगाची शिक्षा झाली असेल तर ही वाट साधारणपणे बंद. यासाठी राज्यभर चालणारा सीआर-१८० फॉर्म आहे. त्यातच कलम १२०३.४ खाली निकाल रद्द करण्याची विनंतीही करता येते.

पण इमिग्रेशनसाठी ही दोन कामं सारखी नाहीत. १२०३.४ ने निकाल रद्द झाला तरी फेडरल इमिग्रेशनच्या नजरेत दोष तसाच राहतो. ‘एक्सपंज झालं, सुटलो’ असं समजून फॉर्मवर ‘नाही’ लिहिणारे लोक मूळ गुन्ह्यापेक्षा त्या खोट्या उत्तराने अडकतात. उलट १७(ब) ने वॉबलर मिसडिमिनर झाला, तर एकाच किरकोळ गुन्ह्यासाठी असलेल्या सवलतीत बसायला मदत होऊ शकते. तिथे शिक्षेची कमाल मर्यादा किती, यावर गणित फिरतं. २०१५ पासून कॅलिफोर्नियात ती ३६४ दिवस आहे आणि नंतर राज्याने ती जुन्या निकालांनाही लावली. पण इमिग्रेशन अपील मंडळाने २०१८ मध्ये ते मागे लावायला नकार दिला आणि २०२१ मध्ये नवव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने तो नकार कायम केला. म्हणून अर्ज करण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठा, नंतर नव्हे.

४७ खाली गुन्हा मिसडिमिनर झाला तरी त्यामुळे बंदूक बाळगण्याचा हक्क परत मिळत नाही. अटकेची नोंदही पुसली जात नाही. आदेश हातात आला की कोर्टाच्या शिक्क्याच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा आणि काही महिन्यांनी न्याय विभागाची नोंद पुन्हा मागवून बदल चढलाय का ते बघा.