डोळे पळवून कॉम्प्रिहेन्शन सुटत नाही

बारावीचे पेपर संपत आले की ठाणे स्टेशनपासून गोखले रोडपर्यंत क्लासची पत्रकं वाटणारी मुलं उभी राहतात, आणि त्यात हल्ली स्पीड रीडिंगचं एक तरी पत्रक असतंच. मिनिटाला हजार शब्द वाचा, इंग्रजीचे पॅसेज चुटकीसरशी सोडवा, असा एकूण सूर. पालक घाबरलेले असतात त्यामुळे हे खपतं, कारण सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) २०२२ पासून सुरू झाली त्यात इंग्रजीच्या पेपरात उतारे आहेत आणि क्लॅट (लॉ कॉलेजांची प्रवेश परीक्षा) तर २०२० पासून जवळजवळ सगळीच उताऱ्यांवर गेलीय. मराठी किंवा सेमी-इंग्लिशमधून आलेल्या मुलांना वाटतं की आपण वाचायला स्लो आहोत म्हणून मार्क जातात, डोळे जरा पळवता आले की झालं. हा समज चुकीचा आहे आणि तो का चुकीचा आहे हे समजून घेणं मला स्वतःला प्रचंड इंटरेस्टिंग वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे वाचताना डोळे ओळीवरून सरकत नाहीत, उड्या मारतात. १८७९ च्या सुमारास पॅरिसमधल्या एमिल जावाल या नेत्रतज्ज्ञाच्या कामातून हे पुढे आलं. नंतर एडमंड ह्यूई या अमेरिकन माणसाने तर कमाल केली, डोळा बधिर करून बुबुळावर प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी वाटी बसवली, तिला अॅल्युमिनियमचा काटा जोडला आणि काजळी धरलेल्या कागदावर डोळ्याच्या उड्या रेखून घेतल्या. तुम्हाला एवढं करायची गरज नाही, मित्राला समोर बसवून पेपर वाचायला सांगा आणि मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये त्याचे डोळे शूट करा, उडी, थांबा, उडी, थांबा, स्पष्ट दिसेल. अजून एक गंमत करा, आरशासमोर उभे राहून एकदा डाव्या डोळ्याकडे आणि एकदा उजव्या डोळ्याकडे बघा. स्वतःचे डोळे हलताना तुम्हाला दिसणारच नाहीत, कारण उडी चालू असताना मेंदू दृश्य जवळजवळ बंदच ठेवतो. सेल्फी कॅमेऱ्यात मात्र दिसतील कारण तिथे चित्र थोडं उशिरा येतं.

म्हणजे आपण जे काही वाचतो ते फक्त थांब्यांमध्ये वाचतो. एक थांबा साधारण २०० ते २५० मिलिसेकंदांचा, एक उडी साधारण ७ ते ९ अक्षरांची आणि तिला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. पण उड्या माराव्याच का लागतात? तर दृष्टिपटलाच्या मधोमध फोविआ नावाचा बारीकसा भाग आहे, बारीक तपशील दिसतो तो फक्त तिथेच, कारण शंकू पेशींची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशींची, सगळ्यात दाट गर्दी तिथे असते. हात लांब करून अंगठा धरा, अंगठ्याच्या नखाची रुंदी जेवढी दिसते साधारण तेवढाच, म्हणजे दोन अंशांचा भाग फोविआत येतो. त्यात इंग्रजीची सहा ते आठ अक्षरं मावतात, बाकी सगळं धूसर. पूर्ण पान एका नजरेत "टिपणं" डोळ्याच्या रचनेतच बसत नाही, त्यात सरावाचा प्रश्नच येत नाही.

आता माझा आवडता प्रयोग. १९७५ मध्ये मॅककॉन्की आणि रेनर या दोघांनी कॉम्प्युटरला डोळ्याची हालचाल मोजणारं यंत्र जोडलं आणि असं केलं की वाचणारा जिथे बघतोय तेवढीच अक्षरं खरी, बाजूची सगळी अक्षरं एक्स एक्स एक्स. डोळा हलला की खऱ्या अक्षरांची खिडकीही त्याच्याबरोबर हलते. मग ती खिडकी कमीजास्त करून बघितलं की वाचनाचा वेग कधी पडतो. अशा प्रयोगांमधून निघालेलं उत्तर असं की इंग्रजी वाचताना नजरेच्या डावीकडे ३-४ आणि उजवीकडे १४-१५ अक्षरांपर्यंतच उपयोग होतो, त्यापलीकडे एक्स असले काय आणि खरी अक्षरं असली काय, वाचणाऱ्याला फरक पडत नाही. आणि उजवीकडची १४-१५ सुद्धा ओळखू येतात असं नाही, शेवटच्या टोकाला फक्त शब्द किती लांब आहे एवढंच कळतं. १९८१ मध्ये हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या इस्रायली वाचकांवर हाच प्रयोग झाला तेव्हा इंग्रजी वाचताना खिडकी उजवीकडे झुकलेली होती आणि तीच माणसं हिब्रू वाचायला लागली की डावीकडे, कारण हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. म्हणजे ही खिडकी डोळ्याने ठरवलेली नाही, लक्ष कुठे आहे त्यावर ठरते, म्हणजेच मेंदूने ठरवलेली आहे.

याच रेनरने अजून एक केलं. वाक्यात एक अदृश्य रेषा ठरवायची, डोळा ती ओलांडत असतानाच पुढचा शब्द बदलून टाकायचा. उडीत दृश्य बंद असतं हे वर सांगितलंच, त्यामुळे वाचणाऱ्याला सहसा बदल कळतही नाही, पण रेषेअलीकडून दिसलेला शब्द आणि पलीकडचा शब्द वेगळे असतील तर थांबा ३० ते ५० मिलिसेकंदांनी वाढतो. म्हणजे आपण एक शब्द वाचत असतानाच पुढच्या शब्दाची थोडी प्रोसेसिंग आधीच झालेली असते. आणि हा आगाऊ फायदा चालू शब्द अवघड असला की कमी होतो, सगळं लक्ष त्या अवघड शब्दातच अडकतं म्हणून.

आता हिशोब करू. सेकंदाला साधारण चार थांबे, म्हणजे मिनिटाला २४०. त्यातले १० ते १५ टक्के आधी वाचलेल्या शब्दांकडे मागे जाणारे, उरले साधारण २१०. दर उडीला ८ अक्षरं धरली तर १६८०, मधली रिकामी जागा धरून इंग्रजी शब्द सरासरी ६ अक्षरांचा, म्हणजे २८० शब्द, त्यातून मागे जाऊन परत वाचलेलं वजा करा, वेग अडीचशेच्या आसपास येतो. आणि खरोखर मोजलेला आकडाही तोच आहे, २०१९ मध्ये मार्क ब्रिसबार्ट यांनी जुने सगळे अभ्यास एकत्र करून प्रौढ माणसं इंग्रजी माहितीपर मजकूर मनात वाचतात त्याची सरासरी काढली ती मिनिटाला २३८ शब्द. हजार शब्द वाचणारा माणूस खरं तर वाचत नाही, चाळतो. चाळणंही एक उपयोगी कौशल्य आहे, पण "लेखकाचा या विधानामागचा हेतू काय" असल्या प्रश्नाचं उत्तर चाळून मिळत नाही. एव्हलिन वूडबाईंनी १९५९ मध्ये अमेरिकेत स्पीड रीडिंगचा धंदा मोठा केला तेव्हापासूनचे दावे तपासून २०१६ मध्ये रेनर आणि सहकाऱ्यांनी मोठा आढावा लिहिला, निष्कर्ष हाच की वेग भरपूर वाढवला की समजणं कमी होतंच.

याच पत्रकांच्या शेजारी कधीकधी मिडब्रेन अॅक्टिव्हेशनचंही पत्रक असतं, डोळ्यावर पट्टी बांधून मूल वाचतं म्हणे. मूल नाकाशेजारच्या फटीतून बघत असतं, हे अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांनी कितीतरी वेळा जाहीरपणे दाखवलंय. पालकांनो, कृपा करून यात पैसे घालू नका. त्या लहान मुलाला खोटं बोलायला शिकवलं जातंय, याचा मला जास्त राग येतो.

स्पीड रीडिंगवाले अजून एक सांगतात, मागे जाऊ नका, वाचलेल्या ओळी पट्टीने झाकत चला. नेमकं हेच २०१४ मध्ये तपासलं गेलं, वाचून झालेला शब्द स्क्रीनवर झाकून टाकला, आणि लोकांना कमी समजलं. "द ओल्ड मॅन द बोट" हे वाक्य बघा. तुम्ही म्हातारा माणूस धरून निघालात आणि पुढे क्रियापदच सापडेना, मग मागे येऊन कळतं की इथे मॅन हेच क्रियापद आहे, बोट म्हातारी माणसं चालवतात असा अर्थ. मागे येता आलं नसतं तर काय केलं असतं? क्लॅटच्या उताऱ्यात असली वळणं भरपूर, तिथे मागे जाणं हा दोष नाही, वाचन व्यवस्थित चाललंय याची खूण आहे.

मग वेग वाढतो कशाने? ओळखीचा, नेहमी भेटणारा शब्द असेल तर डोळा तिथे कमी थांबतो, कधी थांबतही नाही, आणि क्वचित भेटणारा असेल तर जास्त थांबतो. ट्रान्स हार्बरची लोकल सिग्नल मिळेल तशीच पुढे सरकते, मोटरमनने कितीही ठरवलं तरी, तसं डोळ्याला मेंदूचा सिग्नल लागतो. २००० मधल्या हू आणि नेशन यांच्या अभ्यासानुसार मजकूर आपला आपण नीट समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. क्लॅटचा उतारा साडेचारशे शब्दांचा असतो, म्हणजे त्यात नऊच अनोळखी शब्द परवडतात. ९५ टक्क्यांवर आलात तर बावीस-तेवीस होतात आणि अंदाज लावायलाही आधार राहत नाही.

शब्दांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे विषयाची आधीची माहिती. १९७९ मध्ये मार्गारेट स्टेफनसन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी भारतीय आणि अमेरिकन लोकांना दोन पत्रं वाचायला दिली, एक भारतीय लग्नाचं, एक अमेरिकन लग्नाचं. दोघांनीही आपल्याकडच्या लग्नाचं पत्र जास्त वेगाने वाचलं आणि जास्त लक्षात ठेवलं. अमेरिकन नवरी आजीचा लग्नातला ड्रेस घालते, ही तिकडे कौतुकाची गोष्ट, तर एका भारतीय वाचकाला वाटलं की ड्रेस जुना आणि फॅशनबाहेरचा होता. शब्द सगळे कळले होते, तरी अर्थ चुकला!

यातून माझं ठाम मत झालंय की इंग्रजी उताऱ्याची अर्धी तयारी मराठीतही होते. ऐरोलीच्या मुलीने फ्लेमिंगो खाडीत का येतात, चिखलातलं शेवाळ खाऊन त्यांना गुलाबी रंग कसा येतो, ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला) दर्जा मिळाला म्हणजे काय, हे मराठीत वाचलेलं असेल तर पाणथळ जागांवरचा इंग्रजी पॅसेज तिला अर्धा आधीच माहीत असतो. रिझर्व्ह बँकेचा रेपो रेट, संविधानातली कलमं, लसी कशा काम करतात, सगळ्याचं तसंच. ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, त्याचा फायदा घ्या. एक विषय घ्यायचा, आधी मराठीत वाचायचा, मग त्याच विषयावरचे दोन-तीन इंग्रजी लेख, म्हणजे तेच तेच शब्द पुन्हा भेटतात आणि डोळा आपोआप कमी थांबायला लागतो.

आणि वाचून झालं की पुस्तक बंद करून लेखक काय म्हणाला ते दोन ओळींत लिहा. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात परत परत वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. घड्याळ लावून मॉक टेस्ट नंतर करा, शेवटच्या काही महिन्यांत, आणि तेव्हा एक बघा, क्लॅट कागदावर होते तिथे उताऱ्यावर खुणा करता येतात, सीयूईटी कॉम्प्युटरवर असते तिथे मागे जायचं म्हणजे स्क्रोल करावं लागतं, त्यामुळे तिचा सराव पुस्तकावर नको, स्क्रीनवरच करा आणि मोबाईलपेक्षा मोठ्या स्क्रीनवर करा.