विल्सन यांच्या नावाची पाटी: प्रिन्स्टनमधल्या वादाची पार्श्वभूमी

२०१५ चे शैक्षणिक सत्र सुरू झाले आणि अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आवारात ठिकठिकाणी कागद चिकटवलेले दिसू लागले. त्यांवर अमेरिकेचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचीच वाक्ये होती. एक वाक्य असे: सेग्रिगेशन (वर्णानुसार माणसे वेगळी ठेवणे) हा अपमान नसून फायदा आहे आणि तुम्हीही ते तसेच मानायला हवे. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात भेटायला आलेल्या एका कृष्णवर्णीय शिष्टमंडळाला हे ऐकवले गेले, ते नोव्हेंबर १९१४ मध्ये. शंभर वर्षांनी तेच वाक्य विद्यार्थ्यांनी जसेच्या तसे भिंतीवर लावले. त्यापुढे स्वतःचे मत लिहायची गरज त्यांना वाटली नसावी.

१८ नोव्हेंबरला कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने नासाऊ हॉलमध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या दालनात ठिय्या दिला. तो ३२ तास चालला. मागण्या बऱ्याच होत्या: प्राध्यापकांसाठी प्रशिक्षण, अभ्यासक्रमात बदल, हक्काची जागा. पण वर्तमानपत्रांनी उचलली ती एकच, विल्सन यांचे नाव काढा ही. त्या नावाचे तिथे दोन मोठे वापर होते. एक, सार्वजनिक धोरण आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणारी संस्था. दुसरे, एक निवासी महाविद्यालय, जिथे मुले राहतात आणि जेवतात. तिथल्या भोजनगृहाच्या भिंतीवर विल्सन यांचे भले मोठे छायाचित्र होते. बेसबॉलच्या सामन्यात मानाचा पहिला चेंडू टाकणारे, हसतमुख. रोजचा घास त्या हसऱ्या चेहऱ्याखाली घ्यायचा, हे काही मुलांना जड जात होते.

इथे एका शब्दाचा गुंता सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विद्यापीठाचा प्रमुख आणि देशाचा प्रमुख, दोघांनाही अमेरिकेत ‘प्रेसिडेंट’च म्हणतात. मराठीत आपण एकाला अध्यक्ष आणि दुसऱ्याला राष्ट्राध्यक्ष म्हणतो, म्हणून आपल्याला हे वेगळे दिसते. विल्सन दोन्ही होते. १९०२ ते १९१० ते प्रिन्स्टनचे अध्यक्ष होते, १९१३ ते १९२१ देशाचे. मग पाटीवरचे नाव यातल्या कोणाचे?

धोरण-संस्था १९३० मध्ये सुरू झाली आणि तिला विल्सन यांचे नाव १९४८ मध्ये दिले गेले. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाची (लीग ऑफ नेशन्स) कल्पना मांडणारा द्रष्टा म्हणून विल्सन यांचे नाव पुन्हा उजळले होते. म्हणजे हे नाव राष्ट्राध्यक्षाचे. निवासी महाविद्यालयाची गोष्ट निराळी. प्रिन्स्टनमध्ये ‘ईटिंग क्लब’ नावाची खास मंडळे असत, आजही आहेत. निवड झालेल्यांनी तिथे जेवायचे, बाकीच्यांनी आपली सोय पाहायची. १९०७ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी ही मंडळे मोडून सगळ्या विद्यार्थ्यांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे अशी योजना आणली. माजी विद्यार्थी खवळले आणि विश्वस्तांनी आधी दिलेली संमती काही महिन्यांत मागे घेतली. पुढे १९५० च्या दशकात या क्लबांना नकार देणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी स्वतःची वेगळी पंगत मांडली आणि तिला विल्सन यांचे नाव दिले. निवासी महाविद्यालय त्यातूनच उभे राहिले. ज्या नावाला २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी विरोध केला, ते एकेकाळी विद्यार्थ्यांनीच बंडाचे निशाण म्हणून घेतले होते! वादात दोन्ही बाजूंनी हा तपशील फारसा वापरला नाही, आणि मला ते अन्यायाचे वाटते. कारण अध्यक्ष विल्सन यांची बाजू मांडायची तर ती इथेच मांडता येते. प्रिन्स्टनमधले पहिले ज्यू आणि पहिले कॅथलिक प्राध्यापक त्यांच्याच काळात नेमले गेले. लहान गटांत शिकवण्याची पद्धत त्यांनी आणली. मात्र त्याच काळात प्रवेशाची चौकशी करणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाला ‘इथे येणे सर्वस्वी अनुचित ठरेल’ असे कळवले गेले. एकत्र जेवण्याच्या योजनेतले ‘सगळे’ तेवढेच होते. पदवीपूर्व अभ्यासक्रमाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रिन्स्टनची पदवी मिळू लागली ती १९४० च्या दशकात, युद्धकाळातल्या नौदलाच्या प्रशिक्षण योजनेमुळे दार किलकिले झाल्यावर.

राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या बाबतीत मुख्य मुद्दा १९१३ आणि १९१४ या दोन वर्षांचा. १९१२ च्या निवडणुकीत त्यांनी कृष्णवर्णीय मतदारांना न्यायाचे आश्वासन दिले होते आणि अनेक कृष्णवर्णीय नेत्यांनी आपला जुना पक्ष सोडून त्यांना पाठिंबा दिला होता. सत्ता आल्यावर काही महिन्यांतच टपाल आणि अर्थ खात्यांत कर्मचारी वर्णानुसार वेगळे बसवले जाऊ लागले. स्वच्छतागृहे वेगळी झाली, जेवणाच्या जागा वेगळ्या झाल्या, टेबलांमध्ये आडपडदे आले. पाठिंबा देणाऱ्यांपैकीच एका संपादकाने सप्टेंबर १९१३ मध्ये विल्सन यांना जाहीर पत्र लिहिले. त्यात एका कारकुनाचा उल्लेख आहे. त्याचे कामच असे होते, की त्याला दुसऱ्या खोलीत हलवता येईना. तेव्हा वर्षानुवर्षांच्या गोऱ्या सहकाऱ्यांपासून त्याला तोडण्यासाठी त्याच्याभोवती पिंजरा उभारला गेला. १९१४ पासून सरकारी नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र मागितले जाऊ लागले. ते कशासाठी, हे अर्ज करणाऱ्याला सांगावे लागत नव्हते.

विल्सन यांच्या बाजूने नेहमी म्हटले जाते, की माणूस त्याच्या काळाच्या मापानेच मोजावा. मान्य. पण ते जाहीर पत्र त्याच काळातले आहे. १९१४ चे शिष्टमंडळही त्याच काळातले. त्याच्या प्रमुखाने राष्ट्राध्यक्षांना त्यांचे निवडणुकीतले शब्द तोंडावर ऐकवले, आणि उत्तर मिळाले की तुमचा सूर मला अपमानास्पद वाटतो, पुन्हा यायचे तर दुसरा प्रमुख घेऊन या. आपण जे करतो आहोत ते चूक आहे, हे विल्सन यांना त्यांच्याच दालनात सांगितले गेले होते. त्यांनी ते ऐकून नाकारले.

मराठी वाचकाला विल्सन आठवतात ते स्वयंनिर्णयाच्या तत्त्वामुळे. १९१९ च्या आरंभी लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. भारतालाही ते तत्त्व लागू व्हावे म्हणून त्यांनी विल्सन यांना पत्र पाठवले. कार्यालयाकडून सौजन्याची पोच आली, पुढे काही घडले नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या शांतता परिषदेत वंशसमानतेचे कलम करारात घालण्याचा जपानचा प्रस्ताव १७ पैकी ११ मते मिळवूनही पडला. एकमत हवे, असा निर्णय अध्यक्षस्थानावरून विल्सन यांनी दिला. जगासाठी एक आणि घरासाठी एक अशी त्यांची दोन रूपे होती असे म्हणणारे अभ्यासक या प्रसंगाकडे फार भरभर पाहतात.

पुन्हा प्रिन्स्टनकडे. ठिय्यानंतर विश्वस्तांनी समिती नेमली. तिने तज्ज्ञांकडून टिपणे मागवली, संकेतस्थळावर लोकांची मते घेतली, चर्चा ठेवल्या. विद्यार्थी एका बाजूला नव्हते. काहींनी स्वतःचा गट करून विद्यापीठाच्या अध्यक्षांना पत्र दिले, की ठिय्या देऊन निर्णय घडवणे ही वादाची रीत होऊ शकत नाही आणि मतभेद मांडणाऱ्याला गप्प केले जात आहे. त्यांच्यातही कृष्णवर्णीय विद्यार्थी होते, हे विसरू नये. एप्रिल २०१६ मध्ये अहवाल आला: नाव राहील, पण विल्सन यांच्या चुका झाकल्या जाणार नाहीत. भोजनगृहातले छायाचित्र उतरवले. विल्सन यांच्या भाषणावरून घेतलेल्या बोधवाक्याचे शेपूट बदलले, ‘सर्व राष्ट्रांच्या सेवेत’ऐवजी ‘मानवतेच्या सेवेत’ आले. विल्सन यांच्याविषयी खरे सांगणारी कलाकृती उभारायचे ठरले.

या निर्णयावर मी बराच विचार केला आहे. त्यामागचा हेतू प्रामाणिक होता. आधीच्या पिढीने विचारपूर्वक दिलेले नाव सहजी पुसू नये, हे तत्त्वही वाईट नाही. अडचण अशी, की पाटी लावणे हे इतिहास सांगणे नसते. पाटी मान देते. विल्सन यांच्यावर पुस्तके लिहा, अभ्यासक्रम ठेवा, त्यांची पत्रे जपा. त्यापैकी कशालाही ठिय्या देणाऱ्यांचा विरोध नव्हता. आपण राहतो त्या घरावर हा मान असू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. समितीने मान आणि स्मरण एकाच पिशवीत घातले आणि तडजोड केली. ‘नामांतर’ हा शब्द महाराष्ट्रात किती रक्ताचा आहे ते सांगायला नको. मराठवाड्यात १९७८ च्या ठरावापासून १९९४ च्या नामविस्तारापर्यंत एक नाव मिळवण्यासाठी माणसे लढली. प्रिन्स्टनमध्ये एक नाव काढण्यासाठी भांडण झाले. पण पाटीवरचे नाव कोणाला ‘तू इथला’ म्हणते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

ठरलेली कलाकृती ऑक्टोबर २०१९ मध्ये उभी राहिली. धोरण-संस्थेसमोर ३९ फूट उंचीचे काळे-पांढरे स्तंभ, त्यांवर विल्सन यांची वाक्ये आणि त्यांच्या टीकाकारांचीही. उद्घाटनाच्या दिवशी विद्यार्थ्यांनी तिथेही निदर्शने केली. विल्सन यांना आणखी एक स्मारक मिळाले, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढच्या घडामोडी झपाट्याने झाल्या. मे २०२० मध्ये मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली एका कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला आणि देशभर लोक रस्त्यावर आले. जूनअखेरीस प्रिन्स्टनच्या विश्वस्तांनी चार वर्षांपूर्वीचा स्वतःचाच निर्णय फिरवला. विल्सन यांचा वर्णद्वेष त्यांच्या काळाच्या मापानेही ठळक होता, अशी कबुली विद्यापीठाच्या अध्यक्षांनी दिली. पाच वर्षांपूर्वी ठिय्या झाला होता तो यांच्याच दालनात. त्याच महिन्यात न्यू जर्सीतल्या आणखी एका विद्यापीठाने आपल्या मुख्य इमारतीवरून विल्सन यांचे नाव काढायचे ठरवले. २०१६ मध्ये तिथेही नकारच मिळाला होता. वॉशिंग्टनमधल्या मोठ्या सरकारी हायस्कूलचे नाव २०२२ मध्ये बदलले. तिथे आता त्याच शाळेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिकेचे आणि पहिल्या कृष्णवर्णीय मुख्याध्यापकांचे नाव आहे.

प्रिन्स्टनमध्ये एक गोष्ट मात्र राहिली. माजी विद्यार्थ्यांना दिला जाणारा सर्वोच्च सन्मान वुड्रो विल्सन यांच्याच नावाने ठेवला गेला, कारण तो ज्या देणगीतून सुरू झाला तिच्यासोबत नावाचे कायदेशीर बंधन होते. २०१५ चे विद्यार्थी आता माजी विद्यार्थी आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणाची त्या सन्मानासाठी निवड झाली, तर तो घ्यायचा की नाही हे त्यांनाच ठरवावे लागेल.