नळीतलं कीट आणि एन्फील्डची चरबी

एन्फील्ड १८५३ या तोंडाकडून ठासायच्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या प्रतिकृतीनं नेमबाजी करणाऱ्यांत एक वाद कायम चालू असतो: गोळी घट्ट घ्यायची की सैल? घट्ट गोळी अचूक जाते. पण काही बार झाले की नळीत जळक्या दारूचं कीट साचतं आणि गोळी ठासायचा गज मध्येच अडतो.

काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात उरतो. काही धुराबरोबर जातो, बाकीचा नळीत थर धरतो. दमट हवेत तो मऊ राहतो, कोरड्या उन्हात खरपुडीसारखा कडक होतो. गरम पाणी ओतलं की काळा रेंदा निघतो, त्याला सडक्या अंड्याचा वास येतो.

ब्राउन बेस या त्याआधीच्या ब्रिटिश बंदुकीत नळी ०.७५ इंच आणि गोळी ०.६९ च्या आसपास. नेम यथातथाच, पण ठासणं अडत नसे. एन्फील्डच्या नळीला आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा, आले. नळी ०.५७७, गोळी ०.५६८, फट पाव मिलिमीटरहूनही कमी. कीट मऊ ठेवायला काडतुसाच्या कागदाला, म्हणजे दारू आणि गोळी गुंडाळलेल्या आणि दातांनी फाडायच्या कागदाला, वंगण हवंच होतं.

१८५७ वर लिहिताना या चरबीचं धार्मिक अंग सविस्तर येतं. ती तिथे कशासाठी होती, हे मात्र एका ओळीत उरकतात. वंगणाची गरज खरी होती. पण चरबी कोणत्या जनावराची, याची खबरदारी घेतली गेली नाही, आणि हा निष्काळजीपणा अक्षम्य होता. जानेवारी १८५७ अखेर शिपायांना आपलं वंगण आपणच लावायची मुभा मिळाली. म्हणजे दुसरा मार्ग होता, तो सुचायला बोभाटा व्हावा लागला. पुढे काडतूस दातांऐवजी हातानं फाडायची कवायत आली, तोवर विश्वास उडाला होता.

त्याच वर्षीच्या लढायांत एन्फील्ड ठासणं जड जातं अशा तक्रारी आल्या. मग गोळी ०.५५ इंचांवर आणली गेली, वंगणात मेणावर भर आला.

अमेरिकी यादवी युद्धातही एन्फील्ड वापरात होती; त्याच्या शताब्दीच्या सुमारास, १९६१ ते ६५ च्या दरम्यान, प्रतिकृतींची मागणी वाढली. इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पियातून त्या आजही येतात. खनिज तेलाच्या ग्रीसनं कीट डांबरासारखं चिकटतं, म्हणून जाणकार मधमाश्यांचं मेण आणि चरबीच वापरतात. नळीवर ०.५७७ लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष माप थोडं कमीजास्त भरतं, त्यामुळे आधी नळी मोजून मगच गोळीचा साचा घेतलेला बरा.